सावडीला इटलीची माणसं

तिकीट काढून परक्याच्या शेतात राबायला गेलेली आमच्या गावातली मी पहिलीच. जुनी नोकरी सुटली होती, नवी सुरू व्हायला वेळ होता. युरोपातल्या सेंद्रिय द्राक्षमळ्यांवर काम केलं की जेवणाची आणि झोपायची सोय होते, असं पुण्यातल्या मैत्रिणींकडून ऐकलं होतं. मी इटलीतला एक मळा निवडला. मालक आणि मालकीणबाई, दोघंही साठीच्या पुढची. विषारी फवारणी नाही, यंत्रानं तोडणी नाही. सकाळी दव सुकलं की कात्री घेऊन ओळीत शिरायचं, घड तळहातावर घ्यायचा, देठ कापायचा, कुजके मणी तिथल्या तिथं काढून टाकायचे. संध्याकाळी बोटं जांभळी आणि कंबरेचा काटा ढिला. मला त्याचं एवढं कौतुक होतं की रोज फोटो टाकत होते.

आमची भातखाचरं वेल्ह्याच्या पुढं, पासली गावाच्या बाजूला आहेत. त्यांत मी दहावीनंतर विळा धरलेला नाही. दरवर्षी नेमकं कापणीच्या वेळी मला काहीतरी महत्त्वाचं काम असतंच.

आमच्याकडे भात सावडीवर कापतात. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. ज्या घरातून जेवढी माणसं जातात, तेवढीच त्या घराला परत मिळतात. वडील गेल्यापासून आमच्या घरातून एकटी आई जायची, म्हणून तिच्याकडे एकच जण यायचं. आमचं भात गावात सगळ्यात शेवटी निघायचं.

एकदा व्हिडिओ कॉलवर मी आईला मळा दाखवला. मालकीणबाई शेजारीच होत्या, त्यांनी हात हलवला.

"रोज किती देत्यात?" आईनं विचारलं.

"पैसे नाहीत गं. जेवण आणि खोली."

आईचा चेहरा खुलला. "म्हंजी सावडच की. त्यांना म्हणावं, तुमची तोडणी उरकली की आमची कापणी येती. दोघांनी बी या. ऱ्हायला हितं घर हाय."

मला हसू आलं. ती हसत नव्हती. "हसतीस काय? तू तिथं खपतीस ती आपल्याच घरची ना?"

गावच्या हिशेबानं ती अगदी बरोबर होती. मालकीणबाईंनी विचारलं, आई काय म्हणतात? मी म्हटलं, कधीतरी भारतात फिरायला या म्हणते. त्या खूश झाल्या. आईला म्हटलं, येतो म्हणतात. तीही खूश झाली. दोन्हीकडे थाप मारून मी मोकळी. परदेशी माणसांना खाचरात वाकायला बोलावणाऱ्या आईची मला तेव्हा लाज वाटली होती, हे सरळच लिहिते.

दिवाळीनंतर ती दोघं खरंच आली, भारत बघायला. मी पानशेतला पाण्याकाठची खोली घेतली आणि एक दुपार आमच्या घरी जेवण ठरवलं. आईला फोनवर सांगितलं, पाहुणे येतायत.

वेल्ह्यापासून पुढं सगळीकडे कापलेल्या भाताची नुसती धसकटं दिसत होती. उभं होतं ते फक्त आमचं भात. लोंब्या पिकून खाली वाकल्या होत्या, दाणे झडायला लागले होते. घरी पोचलो तर बाहेरच्या ओट्यावर चार विळे धार लावून ठेवलेले.

"यंदा म्या कुणाच्या सावडीला गेली न्हाई आन कुणाला सांगितलं बी न्हाई," आई चुलीपाशी बसून म्हणाली. "म्हनलं, त्यांची दोन माणसं आन आपण दोघी. दोन दिसांत उरकतंय."

बाहेर मालकीणबाई विळ्यांचा फोटो काढत होत्या. इस्त्रीचे पांढरे कपडे, पायात नाजूक चपला. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू त्यांना सांगितलंच न्हाईस."

"आई, पाहुणे आहेत गं ते."

"सावडीला येत्यात ते कोण असत्यात मग?"

मी ताटं मांडायला घेतली. तिनं तांदळाच्या भाकरी आणि कोंबडीचा रस्सा वाढला, पाहुण्यांना आग्रह केला. तेवढ्यात शेजारची काकी इटलीची माणसं बघायला आली. ती सावडीला येणार, असं आईनं गावभर सांगून ठेवलं होतं.

"कवा उतरत्यात खाचरात?" काकीनं विचारलं.

"प्रवास बाधला गं त्यांना," आई म्हणाली. "अंगात कणकण हाय."

मालक त्या वेळी तिसरी भाकरी मागत होते. काकीनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. माझी आई कधी खोटं बोलत नाही. माझी अब्रू झाकायला बोलली, आणि तेही तिला धड जमलं नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आमी तिघं येतो की उद्या," काकी म्हणाली. "पर आमचं तर उरकलंय वयनी. तुमी फेडायचं कसं?"

"रोपाची जमीन भाजायच्या टायमाला तुमच्या राबाला पाला तोडायला येईन. तिघांच्या वाटचं म्या एकटी करीन."

मी दोघींच्या मधे उभी होते. मी येते, एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. मालकीणबाईंनी विचारलं, काय बोलतायत? मी म्हटलं, हवापाण्याचं.

दुसऱ्या दिवशी काकीच्या घरची तिघं आणि आई आमच्या खाचरात होती. मी पाहुण्यांना धरणावर होडीत बसवून फिरवत होते.

आता राबाचे दिवस आहेत. आई रोज काकीकडे पाला तोडायला जाते. संध्याकाळी फोनवर किती भारे झाले ते सांगते, माझ्या नव्या नोकरीचं विचारते, जेवलीस का विचारते. ये म्हणत नाही.