बैठकीत त्याने न बोललेलं वाक्य

टीव्ही मालिकेची कथा आणि संवाद लिहायचं काम मला मिळालं, तेव्हा माझ्या फारकतीला तीन वर्षं झाली होती. मी नांदेडला आईजवळ राहून शाळेत शिकवत होते. मालिकेचा नायक अग्निशमन दलातला जवान. स्वभावाने हळवा, घरच्या त्रासाने पिचलेला. दिग्दर्शकाने फोनवर विचारलं, "असा माणूस पाहिलाय कधी?"

"सहा वर्षं त्याच्याशी संसार केलाय," मी म्हणाले.

माझे नवरोबा लातूरला आगीच्या बंबावर होते. माणूस खरंच हळवा. औशाकडच्या एका गावात गोठा पेटला आणि आत बांधलेलं वासरू त्यांना सोडवता आलं नाही. दोन दिवस जेवले नाहीत. न्हाणीत नळ मोठा सोडून रडायचे आणि मी दाराबाहेर उभी राहायचे.

आम्हाला मूल नव्हतं. तपासण्या झाल्या. दोष त्यांच्यात आहे, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. परतताना रिक्षात ते म्हणाले, "मायला कळू देऊ नको." मी शब्द दिला.

पुढे मूल होत नाही म्हणून फारकतीचं ठरवायला दोन्हीकडचे पाहुणे बैठकीला जमले. सासूबाई सगळ्यांदेखत मला वांझ म्हणाल्या. माझे वडील खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपसत होते. नवऱ्याकडे सगळे बघायला लागले, तसे ते म्हणाले, "काय करणार, तिच्यातच दोष हाय." वासरासाठी रडणारा माणूस! दिलेला शब्द धरून मी गप्प बसले. वडील त्यानंतर वर्षभरच जगले. लेकीत खोट आहे, असंच समजून गेले.

म्हणून मी सगळं लिहिलं. वासरू, नळ, रिक्षा, रिपोर्ट. नाव तेवढं बदललं. नट गुणी निघाला. मधल्या सुट्टीत शाळेतल्या बाया डबा खाताना "बिचारा गं!" म्हणून हळहळायच्या, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. थांबा म्हटलं, दाखवते तुम्हाला बिचारा.

नायकाने रिपोर्ट लपवल्याचा भाग लागला आणि सासूबाईंचा फोन आला.

"काय लिहून राहिलीस तू? वासराचं तर आमच्या घरचं हाय."

"घरचंच आहे, आत्याबाई."

"मंग ते रिपोर्टचं?"

"तुमच्या लेकाला विचारा."

मग फोन बंद झाला.

शेवटी मी बैठकीचा प्रसंग लिहिला. नायक पाहुण्यांसमोर उभा राहतो आणि म्हणतो, "दोष माझ्यात हाय. मी खोटं बोललो." दिग्दर्शकाला वाटत होतं, बायकोने माफ करावं. मी ऐकलं नाही. बायको उठून निघून जाते, असंच ठेवलं.

तो भाग लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत असताना नवऱ्याचा फोन आला.

"ड्युटीवरचे सगळे माझ्याकडं बघतेत, बोलत कुणीच न्हाई. मायनंबी बोलणं सोडलंय. आता तरी बास कर."

संसारात मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. "तू तेवढं एक वाक्य बोलला असतास, तर माझा बाप ताठ मानेने मेला असता."

ते रडायला लागले. त्यांचं रडणं मला चांगलं ओळखता येतं. मी पूर्ण ऐकलं आणि मग फोन ठेवला. सूड घेऊन समाधान मिळत नाही म्हणतात. मला मिळालं. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

महिन्याभराने सासूबाई एसटीने एकट्याच नांदेडला आल्या. आईसमोर बसून म्हणाल्या, "लई चुकलं माझं. वर गेल्यावर तुमच्या मालकांना मी तोंड दाखवायच्या लायकीची न्हाई." आईने त्यांना चहा दिला. मी आत तांदूळ निवडत होते. त्या जाईपर्यंत मी बाहेर आले नाही.