आत्यांची पाणबुडी आणि दुसरा भाग

समुद्राला इतकी भिणारी आणि समुद्राखाली इतकी रमणारी बाई पुण्यात दुसरी नसावी. माझ्या बायकोच्या या आत्या बिबवेवाडीत एकट्या राहतात. जन्मभर शाळेत भूमिती शिकवली आणि निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवरचा पाणबुडीचा एक जुना खेळ धरला. शत्रूच्या जहाजाचा वेग नि दिशा हेरायची, कोन काढायचा, टॉर्पेडो सोडायचा. खेळ हा कोन आपणहून काढून देतो, पण ती सोय आत्यांनी पहिल्याच दिवशी बंद केली आणि शेजारी कोनमापक नि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. एकदा मी त्यांच्या दारात वीस मिनिटं बेल वाजवत उभा होतो. दार उघडून म्हणाल्या, "खाली होते." खाली म्हणजे कुठे, विचारलं तर म्हणाल्या, "नव्वद मीटर." अलिबागला मात्र याच कप्तान होडीत पाय ठेवायला तयार होईनात, आम्ही किल्ला पाहून येईपर्यंत पर्स पोटाशी धरून किनाऱ्यावर बसून राहिल्या.

गेल्या वर्षी खेळाचा दुसरा भाग येणार असं जाहीर झालं. कंपनीने खेळणाऱ्यांकडून सूचना मागवल्या होत्या. आत्यांनी मला बोलावून घेतलं. "जावईबापू, लिहून घ्या. इंग्रजी तुम्ही करा. नव्या भागात खलाशांना नावं द्या म्हणावं. नुसते आकडे बुडाले की वाईट वाटत नाही, आणि वाटायला हवं." पुढे म्हणाल्या, "आणि सोपं करायच्या नादात कोन काढून टाकू नका. मग उरतं काय? नुसता धूर."

तो कागद माझ्या ऑफिसच्या बॅगेत राहिला. त्यांनी विचारलं तेव्हा मी 'पाठवलं' म्हणून टाकलं. दोन दिवसांत पाठवणारच होतो. मुदत संपून गेली. आत्या दर रविवारी फोनवर विचारायच्या, "उत्तर आलं?" आणि माझ्याआधी त्याच म्हणायच्या, "त्यांना ढिगाने पत्रं येत असतील."

मध्यंतरी त्यांना समोरच्या माणसाचा चेहरा पुसट दिसू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचे पडदे खराब झालेत, आता आहे तेवढंच जपायचं. परतताना रिक्षात मला राहवलं नाही. पत्र पाठवलंच नव्हतं, हे सांगून टाकलं. स्वारगेटपाशी त्यांनी पर्स पोटाशी ओढून घेतली. मग म्हणाल्या, "त्यांनी ऐकलंच असतं असं नाही. पण मी सहा महिने वाट बघितली, जावईबापू."

दुसरा भाग अजून आलेला नाही. कोन ठेवलेत की काढलेत, कुणालाच ठाऊक नाही. आणि आला तरी आत्यांना तो कितपत दिसेल, हे मी त्यांना विचारत नाही. रविवारी मी त्यांच्याकडे जातो. जुनाच खेळ लावतो, पडद्यावरचे आकडे वाचून दाखवतो आणि त्या डोळे मिटून तोंडी कोन सांगतात. तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

परवा त्यांनी विचारलं, "समुद्र कसा आहे?"

"शांत आहे," मी म्हणालो.

"असं उरकू नका. नीट बघून सांगा."

मी खुर्ची पुढे ओढली आणि बघू लागलो.