रिकाम्या सीटवरचे ४९.२ किलो

इथले अनुभव मी चार-पाच वर्षं वाचतोय. जुने सभासद मला एका प्रश्नामुळे ओळखतात — "मोजलं का?" कुणाला थंड झुळूक लागली की मी विचारायचो, थर्मामीटर होता का? कुणाला पावलं ऐकू आली की विचारायचो, किती? बऱ्याच जणांनी मला झापलं, एकांनी तर ब्लॉक केलं. त्यांची माफी मागत नाही, प्रश्न योग्यच होता. पण आज मीच लिहायला बसलोय... आणि मी मोजलं आहे. चार वेळा.

वय त्रेपन्न, राहणार सोलापूर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं वजनकाटे दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. किराणा दुकानाच्या काट्यापासून ट्रकच्या मोठ्या काट्यापर्यंत सगळं करतो. घरात देव आहेत, पूजा बायको करते. भूत, करणी, उतारा यावर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही.

रफीकचं गॅरेज माझ्या वर्कशॉपला लागूनच, मधे एकच भिंत. तो ट्रकचे टर्बो दुरुस्त करायचा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारी चक्की. ती इंजिनात जादा हवा कोंबते, म्हणून लहान इंजिन मोठ्यासारखं पळतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे टर्बो बसवल्यावर रफीकच्या डोक्यात आलं की एक आपल्यासाठी बसवावा. माझा मेहुणा दीपक, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याची एक जुनी पेट्रोल हॅचबॅक धूळ खात उभी होती. ती घेतली. दक्षिणेत हौशी लोकांसाठी ट्रॅकवर स्पर्धा होतात. त्यात एकेकट्यानं गाडी पळवायची आणि फक्त घड्याळाशी झुंजायचं. पंधरा वर्षांच्या ओळखीत रफीकनं माझ्याजवळ स्वतःसाठी काही मागितलं असेल तर एवढंच — "एक लॅप, काटेभाई. कागद पे मेरा नाम और टाइम. बस." (माझं आडनाव काटे नाही. धंद्यावरून त्यानं पाडलेलं.)

गाडी तयार व्हायला अडीच वर्षं लागली. टर्बो, इंटरकूलर, ब्रेक, नवी सीट, सगळं त्याच्या हातचं. माझ्याकडे एकच काम होतं — वजन. ट्रॅकवरची गाडी हलकी लागते, आणि असलेलं वजन चारी चाकांवर नीट वाटलेलं लागतं. त्यासाठी मी चार सपाट काटे बनवले, चाकागणिक एक, शंभर ग्रॅमपर्यंत वाचणारे. फरशी पाण्याच्या नळीनं लेव्हल करून घेतली. काढलेली प्रत्येक वस्तू तोलून रजिस्टरला लिहिली. मागची सीट १७.३. एसी आणि त्याच्या नळ्या १९.६. छताचं अस्तर २.१. असं करत करत, टाकीत खुणेपर्यंत पेट्रोल धरून, रिकामी गाडी ८४२.० किलोवर आली. त्याखाली काही केल्या जाईना.

त्या दिवशी रफीक हात पुसत म्हणाला, "काटेभाई, अब निकालने को क्या रह्या? डायवरच रह्या."

मी म्हटलं, "मग ड्रायव्हरचं काढ."

दोघंही हसलो. हा विनोद माझा होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो येऊन आधी स्वतः काट्यावर उभा राहायचा, मग गाडीत बसायचा. मी त्याचं वजन लिहायचो. ७९.४. ७७.०. ७४.८. ७१.६. ६६.९. ६१.३. रजिस्टरला शेऱ्याचा रकाना असतो. ७४.८ पुढे मी 'छान' लिहिलंय, ७१.६ पुढे 'उत्तम', ६१.३ पुढे 'विक्रम'. आमच्या गाडीला दहा किलो कमी झाले की लॅपमागे साधारण दीड दशांश सेकंद वाचतो, असा माझा हिशेब होता. तोही समासात मांडून ठेवलाय. तो म्हणायचा, भात सोडलाय, रात्रीची भाकरी सोडलीय. मला खरं वाटलं. मीच सांगितलं होतं की.

सातव्या वेळी काटा ५७.८ वर थांबला. ओव्हरऑल त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. काट्यावरून न उतरताच त्यानं विचारलं, "बस हुआ क्या काटेभाई?"

मी आकडा लिहीत होतो. मान वर न करताच म्हणालो, "आणखी एखादा गेला तरी चालेल."

पुढच्या पंधरवड्यात तो गॅरेजमध्येच पडला. पोटाचा कॅन्सर, सगळीकडे पसरलेला. दवाखान्यात सोळा दिवस काढले. मी दोनदा जाऊन आलो, गळ्यापर्यंत चादर होती. डॉक्टर त्याच्या भावाला बाहेर सांगत होते की वजन उतरायला लागलं तेव्हाच आणायला हवं होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. सतराव्या दिवशी तो गेला.

स्पर्धेचा फॉर्म त्याच्या नावानं भरलेला होता. त्याच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी व्हायच्या आत दीपकनं त्यावर स्वतःचं नाव घालून घेतलं. अडीच वर्षांत यानं एक नट आवळला नव्हता. म्हणाला, "दाजी, रफीकभाईची आठवण हाय ती. नुसती उभी करून काय करायची?" कागदोपत्री गाडी अजून त्याच्याच नावावर, मी काय बोलणार? त्याच्या वजनाप्रमाणे चारी चाकांचं वाटप नव्यानं करायला हवं होतं. ते काम माझंच.

रविवारी सकाळी दहाला गाडी काट्यांवर घेतली. आत कुणी नाही, पेट्रोल खुणेपर्यंत. चार आकड्यांची बेरीज केली. ८९१.२.

यायला हवी होती ८४२.०. म्हणजे ४९.२ किलो जास्त.

पुढचं सगळं क्रमानं लिहितो, कारण हेच प्रश्न मी तुम्हाला विचारले असते. डिकी रिकामी होती. सीटखाली, बोनेटमध्ये काही नाही. गाडी उतरवली, काटे शून्यावर घेतले, प्रत्येकावर सरकारी शिक्क्याची वीस-वीस किलोंची वजनं ठेवून पाहिली. चारी काटे बरोबर. फरशीची लेव्हल पुन्हा तपासली. गाडी पुन्हा चढवली. ८९१.२. जादा वजन कुठे आहे ते पाहिलं, तर उजव्या दोन चाकांवर ३६.४ आणि डाव्या दोन चाकांवर १२.८. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. माणूस सीटवर बसला की वजन असंच वाटलं जातं... अशी कितीतरी वाटपं मी त्या रजिस्टरला लिहिलेली आहेत.

दीपक भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. म्हणाला, "दाजी, तुमचा काटाच म्हातारा झाला की."

म्हणून गाडी रस्त्यापलीकडच्या ट्रकच्या काट्यावर नेली. दीपकला खाली उतरवलं, ऑपरेटरच्या खिडकीशी स्वतः उभा राहिलो. तो काटा दहा-दहा किलोंनी वाचतो. ८९०. छापील पावती आली, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मनात आलं ते खोटं कशाला सांगू? वर्कशॉपला येऊन रजिस्टर उघडलं आणि रफीकचं पान काढलं. शेवटचा आकडा ५७.८. म्हणजे ४९.२ नाही. मला हायसं वाटलं. आकडा जुळत नाही, म्हणजे तसलं काही नाही. डोकं ठिकाणावर आलं असं वाटून दुपारी पोटभर जेवलोसुद्धा.

त्याचं हेल्मेट माझ्याकडे राहिलं होतं, ते द्यायला दोन दिवसांनी त्याच्या घरी गेलो. शाहीनभाभी, त्याची बायको, एकटीच होती. तिनं चहा केला. मग दवाखान्याची फाइल आणून समोर ठेवली. सगळं इंग्रजी हाय, काय काय लिवलंय ते एकदा वाचून दाखवा, म्हणाली. मी एकेक कागद वाचत गेलो. नर्स लोक रोजचं लिहितात तो तक्ता आला. ताप, बीपी, वजन. शेवटचं वजन जाण्याच्या दोन दिवस आधीचं होतं.

४९.२.

मी तो रकाना सोडून पुढे वाचायला लागलो. तिनं बोट ठेवलं. "हितं काय लिवलंय?"

"वजन आहे."

"किती?"

सांगितलं. तिनं हेल्मेट उचलून मांडीवर घेतलं. म्हणाली, "आमच्या घरात काटा न्हाय भाऊ. मी लई मागं लागायची, वाळत चाललाय, दवाखान्यात चला. तर म्हणायचे, काटेभाई दर महिन्याला मोजतो की. काळजीचं असतं तर त्यानं सांगितलं असतं, त्याचा काटा खोटं बोलत न्हाय."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती मला माहिती देत होती. कप उचलून आत गेली आणि बिस्किटं घेऊन आली.

दीपकला मी सांगितलं की ही गाडी नेऊ नको. तरी ती घेऊन तो गेला. ट्रॅकवर स्पर्धेआधी गाडी रिकामी तोलतात. तिथल्या काट्याचा फोटो त्यानं मला पाठवला, खाली हसणारे चेहरे — ८४२. त्यानं लॅप मारला. वेळेचा कागद आणून आमच्या घरच्या फ्रिजवर लावला, स्वतःच्या नावाचा. बायकोनं पेढे वाटले. कागद अजून तिथेच आहे, पाणी प्यायला गेलं की दिसतो.

गाडी परत आल्यावर मी एकट्यानं ती पुन्हा काट्यांवर घेतली. ८९१.२. ही चौथी वेळ. त्यानंतर तोललेली नाही.

चारी काटे पडताळणीला पाठवले होते, चूक शून्य आली. ट्रॅकवरचा काटा बरोबर होता असं मी धरून चालतो, कारण चुकीचा म्हणायला माझ्याकडे आधार नाही. एकच फरक मला सापडतो. जिथे आकडा मी वाचला तिथे ४९.२ जास्त आहे, जिथे मी नव्हतो तिथे नाही. तुम्ही म्हणाल, मनाचा खेळ. मीही तेच म्हटलं असतं. पण मनाचा खेळ छापील पावती देत नाही. आणि फाइलमधला आकडा मला दोन दिवस आधी कुठून कळणार? याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर द्या, पण आकड्यांसकट द्या.

४९.२ मी रजिस्टरला लिहिलाय, रफीकच्या पानावर, ५७.८ च्या खाली. शेऱ्याचा रकाना कोरा आहे. वरचे शेरे खोडता येत नाहीत. वजनाच्या रजिस्टरला खाडाखोड चालत नाही, हा नियम मीच सगळ्यांना सांगत आलोय.

आता खाली कुणीतरी माझाच प्रश्न मला विचारेल — मोजलं का?

मोजलं होतं. दर महिन्याला मोजलं होतं.