ताईचा बोअर

बोअरमधून मोटर काढायची आणि दुरुस्त करून परत सोडायची, हे काम मी वीस वर्षं करतो आहे. माझ्या मोठ्या बहिणीचा बोअर माझ्याच हाताने नासला, हे मी तिच्यापासून बरेच दिवस लपवलं.

अकोल्याकडच्या एका शेतात मोटर काढली, तेव्हा पाइपांवर बोटभर जाडीचा तांबूस, गिळगिळीत थर होता. मालकाने नवे पाईप घेतले. जुन्यातले दोन धड होते, ते चिंधीने पुसून मी ठेवून घेतले. आमच्या धंद्यात धड पाईप कोणी फेकत नाही. दुसऱ्याच दिवशी शेंदूरजनाघाटला ताईचा फुटका पाईप काढून तेच जोडले.

चार महिन्यांत तिच्या टाक्यात पाण्यावर गंजाची साय धरू लागली, कुबट वास येऊ लागला. धार करंगळीएवढी झाली. तिच्या बागेतल्या संत्र्यांची पानं वळू लागली.

"काहून रे, पाणी असं लाल काहून येऊन राहिलं? कोणाची नजर तं नाही लागली?"

मला अकोल्याकडच्या पाइपांवरचा थर आठवला, पण मी स्टार्टर तपासत राहिलो. तिने मीठ-मिरच्या ओवाळून मोटरीची नजर काढली, तेव्हाही मी शेजारीच उभा होतो.

अमरावतीच्या प्रयोगशाळेत त्या पाण्याची बाटली नेली. तिथले साहेब म्हणाले, "पाण्यात विरघळलेलं लोखंड दिसत नाही. यात जिवाणू आहेत, ते त्याचा गंज करतात अन् त्या गंजातच राहतात. थर वाढला की बोअरच्या झिरपा, पाणी यायच्या भेगा, बुजतात. दुसऱ्या बोअरचं सामान आत सोडलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

परतताना अमरावतीतच राजापेठेत गाडी थांबवून हात धुतले. पुन्हा धुतले. तिकडे जमिनीच्या पोटात ते जिवाणू या घडीलाही वाढत असतील.

पाईप बाहेर काढल्याशिवाय इलाज नव्हता. म्हणून ताईला सगळं सांगावंच लागलं.

ताईने टाक्यातल्या लाल पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "अन् मले नजर काढू देली तूनं?"

ते पाईप काढून बोअरमध्ये ब्लीचिंग पावडरचं पाणी सोडलं, दुसऱ्या दिवशी नवे पाईप टाकून उपसा केला. लाल चिखलाचे लोंदे आले. धार थोडी वाढली, पहिल्यासारखी नाही.

"किती दिवस टिकन?"

"सांगता नाही येत."

"मोटरीचा तोच दोर, तेच सामान घेऊन अजून कोणाकोणाच्या बोअरवर गेलता?"

मी एकेक गाव आठवू लागलो.

"मले सांगून काय होते? त्यायले फोन लाव."

पहिला नंबर लावला. उचलू नये, असंच वाटत होतं.

"बरं झालं मिस्त्री, तुमचाच फोन आला," पलीकडचा म्हणाला. "पाण्याले वास येऊन राहिला."