आत्याचं कोड आणि माझे सांधे

"तुम्हाला रूमेटॉइड आर्थ्रायटिस आहे," अमरावतीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे रोगजंतूंशी लढणारी शरीराची फौज चुकून आपल्याच सांध्यांवर तुटून पडते.

मी अकोल्याला जठारपेठेत राहते, शाळेत शिकवते. कित्येक महिने सकाळी बोटं वळत नव्हती. वेणीसुद्धा लेक घालून द्यायची.

"घरात कुणाला थायरॉइड, कोड, लहानपणापासूनचा मधुमेह?"

मोर्शीहून बाबा आणि त्यांची धाकटी बहीण, सुमनआत्या, सोबत आले होते. बाबा पटकन म्हणाले, "नाही, कोनाले काही नाही."

आत्याने लांब बाही वर सरकवली. "मले हाय कोड. लिवून घ्या, बाई."

कोड लपवून ठरवलेलं आत्याचं लग्न ते उघड झाल्यावर मोडलं होतं. तिने एकटीने संत्र्याची बाग उभी केली, पण घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे.

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "हे सगळे ऑटोइम्यून आजार. त्यांच्यामागची काही जनुकं सारखी असतात. म्हणून एकाच घरात एकीला कोड, दुसरीला सांधे, तिसरीला थायरॉइड असं दिसू शकतं. वारशाने येतो तो कल. आजार होईलच असं नाही. आणि यात दोष कुणाचाच नाही."

"मंग हिच्या पोरीले?" आत्याने विचारलं.

"बहुतेकांना काही होत नाही. त्रास दिसला, तर मात्र उशीर करू नका."

मला मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, आणि ठरावीक काळाने रक्त तपासायचं. सुरुवातीला मळमळायचं. हळूहळू बोटं सुटली, हातात खडू धरता आला.

आत्या मात्र थांबली नाही. चांदूर रेल्वेला काकांची मुलगी रूपाली सारखी थकलेली असायची, केस गळायचे. आत्या तिथे पोचली, सगळं सांगितलं. काकू घाबरल्या. "आता कावून काढता हे? सोयरीक जुळून राहिली पोरीची."

"माही सोयरीक लपवल्यानं मोडली, वहिनी. सांगितल्यानं नाही."

तपासणीत हाशिमोटो निघाला. त्यात तीच फौज थायरॉइडवर उलटते. जिथे सोयरीक जुळत होती, त्या मुलाला रूपालीने स्वतःच फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "माझी आईपण थायरॉइडची गोळी घेते. उपाशीपोटी घ्यावी लागते, एवढं लक्षात ठेव."

तुमच्या घरीही कुणाचा आजार असा झाकून ठेवलेला असेल, तर त्या माणसाशी बोला. औषधाने माझे हात मोकळे झाले. घराचं तोंड आत्याने उघडलं.

रूपालीच्या हळदीला बायका नेहमीप्रमाणे सवाष्णींना पुढे बोलवत होत्या. रूपाली म्हणाली, "पहिली हळद सुमनआत्या लावीन." आणि बाबांनीच हळदीची वाटी आत्याच्या हातात दिली.