ट्रकच्या मागचा दोर

लग्नाला चार महिने झाले होते. बायकोला माहेरी न्यायला तिचा भाऊ येणार होता, पण तो भातकापणीत अडकला. ‘पाव्हणं, तुमीच घिऊन या,’ असा निरोप आला. माझ्याकडे नवी सायकल होती आणि सायकलीहून मोठी मिजास. पौडहून निघतानाच मी सांगून टाकलं, घाट संपेपर्यंत तुला कॅरिअरवरून उतरावं लागणार नाही.

पहिल्या वळणावरच माझी बोबडी वळायची पाळी आली. चढ उभा, खडी उखडलेली. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी आणि कठडा कुठेच नाही. खाली नजर गेली की मी हँडल डोंगराकडे वळवायचो.

‘मी चालते की,’ ती मागून म्हणाली.

‘गप बस,’ मी खेकसलो. मला भीती वाटत होती, आणि ती नव्या बायकोला कळेल याची त्याहून जास्त.

तेवढ्यात कौलांनी भरलेला एक ट्रक कण्हत आमच्या पुढे गेला. आमच्याकडचे सायकलवाले घाटात ट्रकमागे लोंबणारा दोर एका हाताने धरायचे आणि फुकटात वर जायचे. पण असं जाणारा एकटा असे. मागे माणूस बसवून दोर धरण्याचा अक्कलशून्यपणा मीच केला.

ट्रकच्या मागच्या चाकाशेजारी क्लीनर चालत होता. गाडी बंद पडलीच तर चाकामागे सारायला त्याच्या हातात लाकडी ठोकळा होता. मला बघून तो ओरडला, ‘अवो, बाईमाणूस हाय मागं! सोडा त्यो दोर!’

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. धुराने डोळे चुरचुरत होते, हँडल एका हाताला आवरत नव्हतं, आणि तिने माझा सदरा मुठीत गच्च धरला होता.

दुसऱ्या वळणावर इंजिन बंद पडलं. एकदम सगळं शांत झालं. मग ती कौलांची भिंत आमच्यावर मागे सरकू लागली.

मी दोर सोडला आणि डोंगराच्या बाजूला उडी मारली. मागे ती आहे, हे मला उडी मारल्यावर आठवलं.

ती सायकलीसकट रस्त्यात पडली होती. लुगड्याचा काठ साखळीत अडकला होता. ती ओरडली नाही, फक्त काठ ओढत राहिली. माझे पाय जागचे हलेनात. क्लीनरने ठोकळा सारला तेव्हा सायकलीचं पुढचं चाक ट्रकखाली चपटं झालं होतं आणि ट्रकचं चाक तिच्या गुडघ्यापासून वीतभर लांब होतं.

मोडकी सायकल खांद्यावर घेऊन मी उरलेला घाट चढलो. ती पुढे, मी मागे. घरी गेल्यावर ही काय सांगेल, याचीच मला धास्ती होती.

दारातच सासूबाईंनी तिचं फुटलेलं कोपर बघितलं. ‘काय झालं गं?’

‘टरक अंगावं आला. ह्यांनीच वढून काढलं मला.’

सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. सासूबाईंनी आधी माझ्यावरून मीठमोहरी ओवाळून टाकली. मी मान खाली घालून बसलो, तर सगळ्यांना तो माझा विनय वाटला.

संध्याकाळी ती गोठ्यात एकटी सापडली. मी विचारलं, ‘खोटं का बोललीस?’

‘खरं सांगितलं असतं, तर बानं मला पुन्यांदा तुमच्याकडं धाडलंच नसतं. आन् मला यायचं हाय.’ मग तिने विचारलं, ‘पर यक सांगा. मागं मी हाय, ह्ये ध्यानात हुतं का तुमच्या?’

‘हुतं,’ मी म्हणालो.

ती गुरांना वैरण टाकत राहिली. तिला ते पटलं की नाही, हे विचारायची छाती मला आजवर झालेली नाही.