कंपनी आटली नाही

कुंभवलीच्या बाजूला, एमआयडीसीत, एक रंगाची कंपनी होती. नाव घेऊन काय करायचंय, मालकानेच ते तीनदा बदललं. पण गेटाशेजारचा फळा कधी बदलला नाही आणि फळ्यावरचं अक्षरही बदललं नाही. ते अक्षर चंद्रभानचं. असं देखणं की येणारे-जाणारे रिक्षावाले वेग कमी करून वाचत.

चंद्रभान मूळचा सटाण्याकडचा. तिथल्या गावच्या शाळेत गुरुजींनी बोरू हातात देऊन बोटं दुखेस्तोवर अक्षर घोटून घेतलं. दहावीत गणिताने दगा दिला आणि सव्वीस वर्षांपूर्वी गडी बोईसरला येऊन रंगखात्यात लागला. तळहात पिवळे झाले ते झालेच. लग्नानंतर महिन्याभराने उषाने विचारलं होतं, "अहो, तुमची हळद उतरायची कधी?"

तर फळा. कुणाची कोणती शिफ्ट, कँटीनला भाजी कोणती, कुणाच्या घरी कोण वारलं, सगळं त्याच्यावर. ऑफिसने कागदी नोटीस लावली की कामगार आधी विचारत, "फळ्यावर आलंय का?" त्यालाही कारण होतं. एका दिवाळीला ऑफिसने सांगितलं, लिही, बोनस मंगळवारी. चंद्रभान खडू हातात धरून तसाच अकाउंटवाल्याकडे गेला आणि विचारलं, बँकेत पैसे आलेत का? नव्हते आले, शुक्रवारी यायचे होते. त्याने लिहिलं, 'बोनस शनिवारी'. मंगळवारी ऑफिसवाले चिडले, शनिवारी बोनस झाला. तेव्हापासून त्या फळ्यावर माणसांचा असा विश्वास बसला की देवळाच्या भिंतीवर लिहिलेलंसुद्धा लोकांनी आधी त्याच्याकडून तपासून घेतलं असतं.

आणि हाच विश्वास मालकाला हवा होता.

मालकाचा भाचा भाग्येश मॅनेजर होऊन आला होता. वय तिशीचं, बोलायला गोड. एका दुपारी त्याने चंद्रभानला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. सव्वीस वर्षांत केबिनमधला हा पहिला चहा.

"काका, एक मजकूर लिहायचाय. दोनच ओळी."

कागदावर होतं: कंपनी दिवाळखोरीत निघाली आहे. प्रत्येक कामगाराने वीस हजार रुपये घेऊन अखेरच्या कागदावर सही करावी.

सही केली की संपलं. तुंबलेले दोन पगार, ग्रॅच्युइटी, कशावरच बोलता येणार नव्हतं. एकशे चौदा माणसं होती.

"कोर्टाचा कागद आलाय का, साहेब?"

"तो येईल हो मागून. आधी माणसं मोकळी करू." भाग्येश हसला. "दिवाळखोरी जड वाटत असेल तर दुसरा शब्द घाला. तोट्यात गेली लिहा, डबघाईला आली लिहा. तुमचं मराठी चांगलं आहे, तुम्हीच निवडा. अर्थ एकच."

चंद्रभानने चहा अर्धा ठेवला. अर्थ एकच म्हणे! माणसाच्या डोक्यात सणक यायला एवढंसं पुरतं.

तो फळ्यापाशी आला आणि मनातल्या मनात एकेक शब्द उचलून बघू लागला. तोटा? तोटा बोईसर स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या दीपाला होतो. पावसाने गिऱ्हाईक आलं नाही, टोमॅटो सडले, संध्याकाळी कपाळाला हात. पण सकाळी बाई तराजू घेऊन हजर. तोट्याने दुकान बंद होत नाही. डबघाई? ती केळव्याच्या एका लॉजवाल्याला आलेली त्याने पाहिली होती. पहिल्या वर्षी रंग दिला नाही, दुसऱ्या वर्षी आचारी गेला, तिसऱ्या वर्षी मालक स्वतःच गाद्या झटकत होता. डबघाई दिसत दिसत येते, आणि मालकाच्या अंगावर आधी येते. दिवाळं? दिवाळं निघालेल्याच्या बायकोच्या कानात काही उरत नाही. इथे मालकाची नवी गाडी सावलीत उभी होती, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. उरला कंगाल. तो शब्द खरा होता, पण कंपनीला लागणारा नव्हता. वीस हजार घेऊन घरी जाणाऱ्यांना लागणार होता.

मग त्याला गेल्या तीन सुट्ट्या आठवल्या आणि कानशिलं तापली. तीन आठवडे लागोपाठ सुट्टीच्या दिवशी त्याला ओव्हरटाईमला बोलावलं होतं. पहिल्यांदा सेंट्रिफ्यूज, मग ड्रायर, मग दोन मोठे पंप. नटबोल्ट खोलायचे आणि ट्रकवर चढवायचं. "दुरुस्तीला चाललंय, काका." ट्रक वापीकडे गेले. परत काहीच आलं नाही. पाना कोणाच्या हातात होता? याच्याच.

त्याच्या लहानपणी शाळेच्या विहिरीचं असंच झालं होतं. एका पुढाऱ्याच्या भावाने चार दिवस इंजिन लावून सगळं पाणी आपल्या कांद्याच्या रोपाला नेलं आणि गावात सांगितलं, विहीर आटली. बायका बिचाऱ्या देवीला नारळ फोडून आल्या. गुरुजींनी पोरांना काठाशी नेलं, इंजिनाच्या तेलाचे डाग दाखवले आणि म्हणाले, "आटते ती उन्हाने. ही उपसलीय."

चंद्रभानने खडू दाबून लिहिलं, इतका दाबून की दोनदा मोडला:

'कंपनीचे दिवाळे निघालेले नाही. कंपनी उपसून नेली आहे. मशिनी मी स्वतः खोलून दिल्या. सही करण्याआधी आत जाऊन पाहा.'

शिफ्ट सुटायची वेळ. झाडलोट करणारी गोजराबाई आधी आली. "काय लिवलंस रं भाऊ? मला वाचाया येत नाय."

त्याने वाचून दाखवलं.

"म्हंजे चोरली?"

"चोरलीच म्हण, बाई."

"मंग तसं मोठ्यानं सांग ना! तोंड हाय ना तुला?"

चंद्रभान आयुष्यात पहिल्यांदा गेटावर ओरडला. मागून कोणीतरी विचारलं, "चंदूभाई, सच में?" आणि माणसं आत धावली. प्लांटमध्ये मशिनींच्या जागी नुसते सिमेंटचे ओटे, वर बोल्टांची टोकं. रोज तिकडे दुसऱ्या खात्यातलं कोण जातंय? आणि त्या खात्यातल्यांनाही दुरुस्तीचंच सांगितलेलं.

भाग्येश धावत आला, रुमालाने फळा पुसू लागला. "काका, तुमची ग्रॅच्युइटी आधी अडकवीन!"

"सगळ्यांचीच अडकवताय की! माझ्या हाताने मशिनी काढून घेतल्यात, आता माझ्याच हाताने माणसं काढायचीत? लाज वाटते का हो?"

भाग्येशने ऑफिसमधून छापील नोटीस आणून चिकटवली. त्यात दिवाळखोरी ठळक अक्षरांत. जवळच्याच पाड्यावरचा कमलेश, पॅकिंगचा, पुढे झाला. नोटीस खालपासून वरपर्यंत बघितली.

"साहेब, खाली सही कोणाची?"

"कंपनीची आहे ती नोटीस."

"कंपनीला हात हायत का? तुमची घाला."

भाग्येशने पेन काढलं. मामाला फोन लावला. पलीकडून काय ऐकलं कोण जाणे, चेहरा उतरला आणि पेन परत खिशात गेलं. "माझं नाव कशाला यात?"

"आमचं चालतं," गोजराबाई म्हणाली, "आन तुजंच तेवढं चालत नाय?"

तेवढ्यात बॉयलर न्यायला ट्रक आला. कोणी कोणाला सांगितलं नाही, माणसं गेटासमोर बसली. ड्रायव्हरने तासभर वाट बघितली, तंबाखू मळली आणि रिकामा ट्रक वळवला.

दुसऱ्या दिवशी पालघरच्या कामगार कार्यालयात द्यायला यादी करायची ठरली. नेलेल्या मशिनी, तारखा, ट्रकचे नंबर. सगळे म्हणाले, चंद्रभान, तुझं नाव घालू नको, अंगाशी येईल. त्याला उलट त्यांचाच राग आला.

"मग बघितलं कोणी? भुताने?"

आणि यादीत प्रत्येक मशिनीपुढे, तेच देखणं अक्षर काढत, त्याने लिहिलं: 'खोलून देणारा, चंद्रभान.'